५ लिटर, ६२ सेकंद

पालीजवळच्या सुधागड किल्ल्याच्या फेरीत झऱ्यांचा प्रवाह मोजायचा असला की आम्ही ठाकूरवाडीकडून चढतो आणि धोंडशाकडे उतरतो. लोखंडी शिडी चढताना पाठीवरचं ओझं चालून जातं, उतरताना तेच पुढे ढकलतं. महादरवाज्याकडची वाट उतरायला बरी आहे, फक्त लांब पडते. खाली आलं की पायथ्यापायथ्याने परत ठाकूरवाडी. त्यामुळे वाडीच्या वरच्या रानातला पहिला झरा दोनदा लागतो. दुसऱ्यांदा तिथे तोंड धुवायचं आणि एसटी गाठायची, एवढंच काम असतं.

एप्रिलच्या मध्यातली फेरी. सकाळी सात वाजता पहिली मोजणी. झरा कसला, उंबराच्या मुळांखालून कातळाच्या फटीतून येणारा पाझर. खाली पाणी साठावं म्हणून बायकांनी केलेला डवरा, म्हणजे खड्डा आहे. डवऱ्यातून सांडणारं पाणी कधी मोजायचं नाही. कोणी दोन हंडे भरून नेले की पुढचा बराच वेळ सांडणं बंद होतं आणि झरा आटल्यासारखा वाटतो. म्हणून फटीच्या तोंडाशी चिकणमातीचा बांध घालून अर्ध्या मीटरचा पीव्हीसी पाइप किंचित उतारावर बसवायचा. दहा मिनिटं थांबायचं. घाई इथेच नडते, कारण बांधामागचं पाणी स्थिर होईपर्यंत पाइपातून कमी येतं. मग बादली लावायची आणि ती भरायला लागणारे सेकंद मोजायचे. बाजारातली ५ लिटरची बादली काठोकाठ भरली की ५ लिटरच भरते असं नाही. लिटरचं माप पाच वेळा ओतून आतून रंगाची रेघ मारून घेतलेली बरी. पाच वेळा भरायचं, पहिली वेळ सोडून द्यायची, उरलेल्या चारांची सरासरी धरायची. आकडे ६१ ते ६३ सेकंदांत आले, सरासरी ६२. म्हणजे मिनिटाला साधारण ४.८ लिटर.

पुढचं काम सवयीचं. शिडीच्या आसपास कड्यात थर स्पष्ट दिसतात. एकसंध काळा कातळ, त्याखाली भोकाभोकांचा, पांढरे खडे भरलेला ठिसूळ थर, मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा. पाणी वरच्या भेगांतून मुरतं आणि अशा बदलाच्या जागी आडवं होऊन बाहेर पडतं. ओल शोधायची तर त्या रेषेने नजर फिरवावी. माथ्यावर पंतसचिवांच्या वाड्यात डबा खाल्ला. भोराईच्या देवळाजवळचे कोरीव दगड बघण्यात आमचा नेहमी जातो तेवढा वेळ गेला. मग टाक्यांची पातळी आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण. टाक्यात मुख्यतः पावसाचं पाणी, म्हणून आकडा झऱ्यापेक्षा कमी येतो. जास्त आला तर बाष्पीभवन किंवा घाण, दोनपैकी एक शोधायचं. रायगडाच्या महादरवाज्याची आठवण करून देणाऱ्या गोमुखी बांधणीच्या दारातून उतरलो. तानाजी टाक्यावर बाटल्या भरल्या.

संध्याकाळी सव्वापाचला पहिल्या झऱ्याशी आलो तेव्हा कळलं, घामाने नोंदवहीतली सकाळची ओळ पुसट झाली आहे. ६२ की ६७, वाचता येईना. पाइप तिथेच होता. परत मोजलं. ७८ सेकंद. पुन्हा ७७. पुन्हा ७८.

पहिला संशय अर्थातच बांधावर. वरच्या बाजूला भाताचा कोंडा टाकून पाहिला. सगळा पाइपातूनच आला, बगलेने एक कण नाही. पाइपात पान अडकलेलं नव्हतं. वरच्या अंगाला कोणी नळी लावलेली नव्हती. पाण्याचं तापमान सकाळइतकंच होतं. घड्याळ दाबण्यातली चूक फार तर अर्ध्या सेकंदाची, सोळा सेकंदांची नव्हे.

डवऱ्याशी हंडा घेऊन बसलेल्या आजी आमची ही धावपळ बघत होत्या. म्हणाल्या, "दादा, सांजचं पाणी असंच मंद येतं. पहाटंला या, भरून असतं."

एसटी सोडली, वाडीत राहिलो. रात्री नऊला ७४ सेकंद. पहाटे पाचला ६१.

तेव्हा उलगडलं. एप्रिलात साग, ऐन बोडके दिसतात, पण ओहोळाच्या काठचे उंबर, जांभूळ, आंबा हिरवेगार असतात. दिवसा पानांतून बाष्प जातं, मुळं उथळ पाझरातलं पाणी ओढतात, आणि झऱ्याच्या वाट्याला उरेल ते येतं. दुपारनंतर प्रवाह तळ गाठतो, रात्री भरून येतो. मोठ्या, खोल झऱ्यांत हा फरक सहसा हाताला लागत नाही. मिनिटाला पाचेक लिटरच्या उथळ पाझरात मात्र तो मोठा दिसतो.

हिशेब करून पाहिला. सकाळच्या आकड्याने दिवसाला ६,९१२ लिटर, संध्याकाळच्या ३.८ लिटरने ५,४७२. फरक १,४४० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने २६ माणसांचं पाणी. नुसत्या सकाळच्या मोजणीवर योजना आखली तर एवढी माणसं कागदावर पाणी पिणार. अशा झऱ्यावर चोवीस तास, दर दोन तासांनी मोजावं, आणि रात्रीचं पाणी धरून ठेवेल एवढी टाकी खाली बांधावी. आता तर रात्रीचं पाणी डवरा भरला की वाहून जातं.

वाडीतल्या एका पोराने सरळ विचारलं, "मग उंबर तोडला तर पाणी वाढेल का?" खोटं कशाला बोलायचं? थोडे दिवस वाढेलही. पण त्या फटीवरची माती उंबराच्या मुळांनी धरली आहे. पहिल्याच पावसाळ्यात ती डवऱ्यात येईल, फट गाळाने बुजेल, आणि पाणी दुसरीकडून फुटेल किंवा फुटणारही नाही. आजींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं बोलायची गरज उरली नाही.

घरी येऊन जुने फॉर्म काढले. दर महिन्याची तारीख होती, सेकंद होते, बादलीचं माप होतं. वेळेचा रकाना कुठेच नव्हता. फेब्रुवारी ते मार्च या झऱ्याचं पाणी घटलं असं आम्ही अहवालात लिहिलं होतं. फेब्रुवारीत गडावर चढताना मोजलं होतं. मार्चमध्ये उतरल्यावर.