गिनी-बिसाऊच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देवळात, बाजारात, लग्नाच्या पंगतीत प्रश्न एकच असतो: "बाई, निवृत्त झालात, आता शिकवायला एवढ्या लांब? गोव्यात मुलं नाहीत का?"

आहेत, आणि त्यांना मी 31 वर्षं गणित शिकवलं. गिनी-बिसाऊ पश्चिम आफ्रिकेत, सेनेगलच्या दक्षिणेला. आकारानं गोव्याच्या जवळजवळ दहापट, वस्ती वीस लाखांच्या आसपास. आपल्यासारखाच तोही पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. आपण 1961 साली सुटलो. ते 1963 पासून अकरा वर्षं लढले, आणि त्यांचे नेते अमिल्कार काब्राल यांचा खून झाला तो स्वातंत्र्य जाहीर होण्याच्या अवघे आठ महिने आधी.

पण माझं कारण घरातलं आहे. माझे वडील पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेर ग्राव', म्हणजे प्राथमिकचा पहिला टप्पा, शिकले. म्हातारपणीही तेजू, दोउरू, मोंदेगू या पोर्तुगालच्या नद्या ते घडाघडा म्हणत. घरात मराठी, शेजारी कोंकणी आणि पाटीवर पोर्तुगीज. "समजलं का रे?" असं त्यांना वर्गात कुणी कधी विचारलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

गिनी-बिसाऊत शाळेची भाषा आजही पोर्तुगीजच, आणि मुलं अंगणात बोलतात ती क्रिओल, नाहीतर बालांता, फुला. स्वातंत्र्यानंतर ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी तिथं साक्षरतेच्या कामात होते. तेही काम पोर्तुगीजमधून चाललं आणि अडलं ते भाषेवरच.

म्हणून माझी तयारी म्हणजे क्रिओल. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते, हिवतापाच्या गोळ्या लागतात, ते होईल. पहाटेचा एक तास मात्र वहीचा. तिथं खुशाली विचारतात, "कुमा दि कुर्पु?" म्हणजे शरीर कसं आहे? शाळेला म्हणतात 'स्कोला'. आपल्या कोंकणीतलं 'इस्कोल' आठवून मला पहिल्या दिवशी भरून आलं. उन, दुस, त्रिस, म्हणजे एक, दोन, तीन, झालं. आता 'अर्धा' आणि 'उरले किती' घोटते आहे. वर्गात तिथल्या शिक्षकाबरोबर उभी राहणार, त्याच्या जागी नाही, ही अट मीच घातली.

आणि काजू! तो देश काजूवर जगतो. बिया बहुतेक कच्च्याच परदेशी जातात, त्यातल्या बऱ्याच भारतात. हंगामात मुलं शाळा सोडून झाडांखाली असतात. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शिकवताना मार्च उजाडला की माझ्याही वर्गातले मागचे बाक रिकामे व्हायचे. पोरं बोंडू वेचायला जायची. संध्याकाळी हाताला तो चिकट, आंबूस वास घेऊन माझ्याकडे गणितं विचारायला यायची.

तिथं गावोगाव काजूच्या बदल्यात तांदूळ देतात. चवथ झाली की निघेन, आणि पहिलं गणित तेच घालीन: एक किलो बियांना एक किलो तांदूळ मिळत होता, आता एका किलोसाठी दोन किलो बिया मागतात, तर बारा किलो बियांमागे घरी किती तांदूळ कमी आला?