बर्फाच्या घाटात कन्व्हर्टिबल: थंडीची काळजी सोडा, गाडीचं पोट सांभाळा

ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं की कन्व्हर्टिबल (छत उघडणारी गाडी) हिवाळ्यात काढू नकोस, गारठून जाशील, मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात गर्रकन फिरेल, त्यातल्या एकानेही खऱ्या धोक्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. थंडी वाजली नाही आणि गाडीही फिरली नाही. गाडी अडकली ती पोटावर, आणि तेही चढावर नाही, घाटमाथ्यावरच्या सपाट जागेत. कालच परत आलोय, खांदे अजून भरून आलेत, त्यामुळे आवाज जरा चढा वाटला तर समजून घ्या.

टायरचं आधी सांगून टाकतो. चारही चाकांना विंटर टायर नसतील तर घाटात जायचं नाही, विषय संपला. फक्त मागे लावले तर वळणावर पुढचं तोंड सरळ निघून जातं, फक्त पुढे लावले तर शेपूट फिरते. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, तीन शिखरं आणि आत हिमकण असं चिन्ह टायरच्या बाजूला पाहिजे. उन्हाळी स्पोर्ट्स टायरचं रबर साधारण 7 डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं, म्हणजे बर्फ नसलेल्या कोरड्या गार रस्त्यावरसुद्धा पकड जाते. नक्षी 4 मिलिमीटरच्या वर ठेवा, आणि ब्रेकवर बसत असेल तर एक साइज लहान रिम आणि अरुंद टायर घ्या, कारण हलकी गाडी रुंद टायरवर पाणचट बर्फात लगेच तरंगते. हवाही तपासत राहा, दर 5-6 डिग्री पारा उतरला की जवळजवळ 1 पीएसआय कमी होते. एवढं केलं तर मागच्या चाकांवर चालणारी, पुढे-मागे वजन सारखं असलेली छोटी गाडी चढ मस्त चढते, माझी चढली, मोठ्या गाड्या बाजूला थांबल्या होत्या तिथूनही चढली.

आता गाडी खालून घासली तो पट्टा. घाटमाथ्याच्या अलीकडे झाडी संपते आणि रस्ता उघड्यावर येतो, तिथे ट्रकनी दिवसभर दाबून दोन खोल चाकोऱ्या केलेल्या असतात आणि मधे गोठलेल्या स्लशचा, म्हणजे पाणचट बर्फाचा, उंचवटा, दगडासारखा. एसयूव्हीवाल्याला तो दिसतही नाही. आपल्या गाडीखाली जेमतेम 13-14 सेंटिमीटर जागा, आणि ट्रकच्या चाकांमधलं अंतर आपल्यापेक्षा जास्त, म्हणजे एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्याच्या उतारावर, सतत एका बाजूला ओढत, आणि खालून करकर करकर आवाज, तो आवाज किलोमीटरभर ऐकल्यावर माणूस थकून जातो. इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर तिथेच निम्मं सुटलं. चाकोरीत शिरूच नका, दोन्ही चाकं उंच भागांवर ठेवून हळू न्या, आणि समोरून ट्रक आला तर आधीच थांबा, ऐनवेळी चाकोरी ओलांडायला जाऊ नका.

तरी तिथे नाही अडकलो. वर थांब्यावर प्लास्टिक दोरीने बांधत होतो तेवढ्यात स्नोप्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला ढकलणारी गाडी) गेला आणि थांब्याच्या तोंडाशी बर्फाचा बांध टाकून गेला, गुडघ्याच्या खालीच, दिसायला भुसभुशीत. त्यावरून निघायला गेलो आणि गाडी मधोमध बसली. चाकं गरगर फिरतायत, जमिनीला लागतच नाहीत. अशा वेळी टायर, लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल सगळं शून्य, फोर व्हील ड्राइव्ह असती तरी तेच झालं असतं. उपाय एकच, फावडं घेऊन आडवं पडायचं आणि पोटाखालचा बर्फ ओढून काढायचा. घडीचं छोटं फावडं नको, लांब दांड्याचं न्या, छोट्याने मधल्या भागापर्यंत हातच पोचत नाही. स्नोप्लाऊने टाकलेला बांध ताजा असला तरी आधी फोडायचा, मग गाडी काढायची.

अंधार पडायला लागला म्हणून टोइंगवाला बोलावला, आणि इथे मला राग आहे तो अजून गेला नाही. त्याने रात्रीचा दर लावला, मग बुटकी गाडी म्हणून वेगळे, मग वाट बघण्याचे वेगळे, हे सगळं गाडी ओढून झाल्यावर सांगितलं. वर हुक सस्पेन्शनच्या आर्मला अडकवत होता. तसं अजिबात करू द्यायचं नाही. बंपरमधल्या झाकणामागे टो हुक फिरवून बसवायची जागा असते, तो हुक डिकीत नाही, सीटजवळ ठेवा. आणि साखळी लागायच्या आधी एकूण रक्कम लिहून घ्या, फोनवर मेसेज चालेल. विम्याच्या मदतीत बर्फातून ओढून काढणं धरलंय की फक्त बंद पडलेली गाडी नेणं धरलंय, हे निघायच्या आधी विचारा.

दुसरा त्रास सकाळचा. या गाड्यांच्या काचेला चौकट नसते, बऱ्याच गाड्यांत हँडल ओढलं की काच थोडी खाली सरकते आणि मग दार सुटतं. काच गोठली की ती सरकत नाही, आणि तुम्ही जोरात ओढलं तर कड रबरात अडकून रबर तरी फाटतं नाहीतर काच जाते. आधी दार तळहाताने आत दाबा, कडेने डी-आयसर (बर्फ वितळवणारा फवारा) मारा, आणि कितीही घाई असली तरी गरम पाणी नको, काच तडकते. रबराला सिलिकॉन ग्रीस आदल्या दिवशीच लावा.

छताबद्दल थोडक्यात. कापडी छत 5 डिग्रीच्या खाली उघडायचं-मिटायचं नाही, कापड कडक झालेलं असतं. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 सारखी (1989 ची) मागे प्लास्टिकची खिडकी असेल तर थंडीत दुमडून चिरच पडते. उबदार गॅरेजमध्ये उघडून निघा आणि बंद करायलाही तळघरातलं पार्किंग गाठा. ओलं छत दुमडू नका. बर्फ मऊ ब्रशने झाडा, खरवडायचं नाही. सीटमागची पाणी निचऱ्याची भोकं पानं पडतात तेव्हाच साफ करा, नाहीतर तुंबलेलं पाणी आत येऊन गालिच्याखाली बसतं. बाकी काचा वर, विंड डिफ्लेक्टर (सीटमागून येणारा वारा अडवणारी जाळी), हीटर पायावर आणि डोक्याला लोकरीची टोपी, एवढ्यावर शून्याखाली कोरड्या उन्हात छत उघडून चालवलं आणि हे मी कितीही वेळा करीन! शून्याच्या आसपास ओलसर हवा असेल तर मात्र नको, ती उणे 5 पेक्षा वाईट.

उतरण्याचा दिवस सोपा गेला, त्यात सांगण्यासारखं एवढंच की उणे 10 च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही, तेव्हा मीठ टाकलंय म्हणून चकाकणाऱ्या रस्त्यावर विश्वास ठेवू नका, आणि उतारावर एकदम खालचा गिअर टाकू नका, मागची चाकं घसरतात.

घरी आल्यावर उबदार गॅरेजमध्ये लावायच्या आधी गाडी खालून धुवा. मीठ ओलं आणि गरम राहिलं की गंज बाहेर थंडीत उभ्या गाडीपेक्षा जास्त वेगाने धरतो. दारांखालच्या पट्ट्या आणि चाकांच्या कमानींच्या आतली कड, तिथे पाण्याचा जोर जास्त मारा, आणि सुटलेलं कव्हर परत लावताना प्लास्टिकच्या क्लिपांऐवजी वॉशर घालून स्क्रू लावून घ्या.