तुम्ही विचारलंत म्हणून: "बालवाडीत सगळं करतो, मग घरी का नाही करत?"

बावीस वर्षं झाली डोंबिवलीत बालवाडी चालवतेय आणि दिवाळीच्या आसपास हा प्रश्न हमखास येतो. ताई, तुमच्याकडे हा चपला जोडीने लावतो, डबा खाल्ला की हात धुतो, घरी मात्र बूट घालायला पाय पुढे करून बसतो, असं का? विचारणारी आई गेटवर उभी असते, एका खांद्याला लॅपटॉप, हातात पोराची वॉटरबॅग, आणि डोळे घड्याळाकडे कारण लोकल गाठायचीय, त्यामुळे मी तिथे काहीतरी गुळमुळीत बोलते. आज नीट सांगते.

पहिलं कारण म्हणजे उंची, दुसरं काही नाही. आमच्याकडे टॉवेलचा खुंटा पोराच्या खांद्याला येतो, बेसिनसमोर पाट ठेवलाय. घरी टॉवेल दारामागे उंच लटकलेला, साबण वरच्या स्टँडवर, नळाला हात पुरत नाही, मग पोरगं हाका मारतं आणि आपण म्हणतो, ह्याला काही स्वतःचं करायला नको!

मग वेळ. शर्टाचं एक बटण लावायला चार वर्षांच्या पोराला कधी कधी दोन मिनिटं लागतात, मी घड्याळात पाहिलंय. एका हाताने काज धरायचं, बटण आडवं करून सरकवायचं, अर्धं आत गेलं की हात बदलून पलीकडून ओढायचं, तेवढ्यात ते परत बाहेर येतं, जीभ एका कोपऱ्यातून डोकावत असते, आणि आपण फक्त बघत बसायचं, बोट लावायचं नाही. सकाळी सव्वासातला हे कोणाला जमणारे? मलाही जमलं नव्हतं माझ्या मुलाच्या वेळी. म्हणून मी सांगते, सकाळी शिकवूच नका, सकाळी खुशाल तुम्ही घाला कपडे. शिकवायचं ते संध्याकाळी घरातले कपडे बदलताना आणि रविवारी. रविवारी अर्धी बादली कोमट पाणी, छोटा तांब्या, आणि "मान झाली? कानामागे? बोटांच्या बेचक्या?" असं नुसतं विचारत बसायचं. नखंही तेव्हाच कापा, आंघोळीनंतर मऊ असतात, रडारड कमी होते.

हात धुताना साबण २० सेकंद चोळायचा असतो, तर आम्ही एक ते वीस मोठ्याने म्हणतो. आमचा एक बहाद्दर तेरावरून थेट अठरावर जातो, त्याचे हात लवकर धुवून होतात. दात मात्र पोरांवर सोडू नका. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आधी त्याला घासू दे, मग रात्री एकदा तुम्ही घासा, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती बघून घालू नका.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा पोरांची आंघोळ, नखं, केस विंचरणं हेच शिक्षण धरलं होतं, अक्षरं नंतर. आता कोणी प्रवेशाला आलं की पहिला प्रश्न, ए बी सी डी कधी सुरू करता.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे, आणि गेटवर ते सांगायची हिंमत होत नाही. गेल्या वर्षी आमच्याकडे भातुकली मांडलेली. एक साडेचार वर्षांची मुलगी आई झालेली. सगळ्यांना बसवलं, खोटी पोळी वाढली, पाणी दिलं. मी म्हटलं, अगं तू पण बस ना. तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही जेवा, मी मागून खाते." आणि शेवटी खरंच उभ्याउभ्या, भिंतीकडे तोंड करून, रिकाम्या पातेल्यातलं निपटून खाल्लं. बाकीच्या ताया हसल्या. मला हसू येईना, कारण त्या दिवशी दीड वाजला तरी माझाही डबा उघडलेला नव्हता.

आपण पोरांना सांगतो नीट बसून जेव, वेळेवर झोप, डोकं दुखलं तर सांग. आणि स्वतः गोळी घेऊन ओट्याशी उभे. पोरं बघत असतात हो. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाला १० ते १३ तास झोप लागते, पण आई साडेआठला घरात शिरते, जेवायला दहा, मग अकराच्या आत कोण झोपणार. ह्यात आईची चूक मी तरी काढणार नाही, तो रेल्वेचा आणि ऑफिसचा हिशोब आहे, आणि बऱ्याच घरांत बाबांचाही, जे सातला येऊन टीव्हीसमोर बसलेले असतात.

त्या मुलीच्या आईला मी हे सांगितलं, जरा घाबरतच. ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, रविवारची आंघोळ ह्यांच्याकडे देते, तेवढ्यात मी चहा बसून पिते. सुरू झालंय म्हणे. पहिल्या रविवारी बाथरूमबाहेरही तळं झालं होतं, आणि बाबा बाहेर आले ते मुलीपेक्षा जास्त भिजून.

आणि तो टॉवेलचा हुक चिकटवायचा आणू नका, ओलीने दोनदा पडला आमच्याकडे. सरळ स्क्रू मारून घ्या.