पट्टीवर दोन रेघा आल्या, पण…

जुन्नरकडे ऊसपट्ट्यात जनावरांची खाजगी प्रॅक्टिस करतो. गाई, म्हशी, अडलेल्या शेळ्या, हेच रोजचं. कुत्र्यासाठी फोन आला की बहुतेक वेळा बिबट्याने मान धरलेली असते. त्या दिवशीचा फोन वेगळा होता, "डॉक्टर, कुत्रं पिसाळलंय, मारायचं का सांगा."

वस्तीवर गेलो तर माणसं काठ्या घेऊनच उभी. कुत्रं गोठ्यामागे बांधलेलं, तोंडाला फेस, जबडा नुसताच चावत चाललेला, मध्येच झटका येऊन आडवं पडायचं. कुणीही पिसाळलेलंच म्हणेल. मला खटकलं ते डोळ्यांतलं पिवळं चिपाड आणि नाकावर वाळलेला शेंबूड. आणि झटका ओसरला तरी मागचा एक पाय ठेक्यात उडतच होता, अगदी ग्लानीत पडलं तरी. आजी म्हणाल्या, मागे खोकत होतं, जुलाबही लागलेले, मग चांगलं खायला लागलं. मला डिस्टेंपरचा संशय आला, कुत्र्यांचा व्हायरसचा आजार. तो असंच फसवतो, सर्दी-ताप उतरला की घरच्यांना वाटतं सुटलं आणि तोवर व्हायरस मेंदूत गेलेला असतो.

जाड ग्लोव्हज घातले, नाडीने तोंड बांधलं आणि पापणीच्या आतून स्वॅब घासून घेतला. नुसतं चिपाड पुसून चालत नाही हो, आतल्या पेशी यायला लागतात, आणि दुखणं मेंदूत पोचलेलं असेल तर डोळ्यात व्हायरस सापडेलच असंही नाही. आमच्या नशिबाने टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. डिस्टेंपर पॉझिटिव्ह.

सगळ्यांनी हुश्श केलं, आजींच्या मुलाने लगेच पट्टीचा फोटो काढला. आणि खरी पंचाईत तिथून पुढे सुरू झाली. पट्टी डिस्टेंपर आहे एवढंच सांगते, रेबीज नाही असं नाही सांगत. लस त्याला एकाचीही नव्हती आणि एकाच कुत्र्याला दोन्ही असू शकतं. आजी त्याला हाताने भाकरी भरवत होत्या, नातवाच्या बोटाला दात लागलेला. डिस्टेंपर माणसाला होत नाही, पण मी दोघांना साबणाने हात धुवायला लावले आणि त्याच दिवशी रेबीजच्या सुया घ्यायला पाठवलं. मुलगा चिडला, "तुम्हीच म्हणता पिसाळलेलं नाही आणि तुम्हीच सुया घ्या म्हणता."

कुत्रं रात्रीत गेलं. मेलं तर पुरू नका, डोकं बर्फात घालून लॅबला पाठवायचंय असं बजावून आलो होतो. सकाळी फोन केला तर उसाच्या बांधाला मीठ टाकून पुरून मोकळे. रेबीज होता की नाही, आता ते कळायचं नाही.

दुखणं आलं कुठून म्हणाल तर बाजारातून आणलेल्या पिल्लाबरोबर. ते आधीच मेलं होतं, "जंत झाले" म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वस्तीवरची सगळी कुत्री एकाच घमेल्यात खाणारी. शिंका, खोकला, लाळ, लघवी, कशातूनही पसरतं आणि बरं झालेलं कुत्रंसुद्धा कित्येक आठवडे व्हायरस सोडत राहतं. त्यात बरी गोष्ट एकच, अंगाबाहेर हा व्हायरस लेचापेचा, ऊन आणि साबणाने मरतो. म्हणून आजारी कुत्रं वेगळं बांधायचं, घमेलं ब्लीचिंगने धुवून उन्हात टाकायचं, गोणपाट जाळायचं. व्हायरसवर थेट औषध नाही, आम्ही सलाइन आणि झटक्याचं इंजेक्शन देतो, बाकी त्याच्या नशिबावर.

लस आहे, पण सरकारी कॅम्पात फुकट मिळते ती रेबीजची, ही खिशातून घ्यावी लागते. दीड-दोन महिन्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत, कारण आईच्या चिकाची ताकद आधीचे डोस वाया घालवू शकते. लोक एक टोचतात आणि "झालं की लसीकरण". वर पावडरची ती जिवंत लस भर मे महिन्यात शर्टाच्या खिशात घालून बाइकवरून आणतात. मी टोचायला नाही म्हटलं की मी माजलेला.

२०१८ ला गीरमध्ये २३ सिंह मेले, त्यातल्या काहींमध्ये पुण्याच्या एनआयव्हीला, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेला, हाच व्हायरस सापडला. आमच्याकडचा बिबट्या याच वस्त्यांवरची कुत्री उचलतो. बैठकीत हे बोललं की सगळे माना डोलावतात आणि चर्चा परत पिंजऱ्यांवर.

परवा त्या मुलाचा फोन आलेला, पोराची तिसरी सुई घ्यायलाच लागते का, पट्टीचा फोटो आहे की माझ्याकडे. घ्यायलाच लागते, म्हटलं. आजींची पण.