सरासरी गाठली म्हणे, मग गवत कुठंय?

आमच्या आबांचा, म्हणजे थोरल्या चुलत्यांचा, पुरंदरात पाच-सहा एकर माळ आहे, सातबाऱ्यावर पोटखराबा आणि गावात कुणालाही विचारा, "काय नाय तिथं". पण आबांच्या दोन म्हशी आणि आठ-दहा शेरडं दिवाळीनंतरचे तीन-चार महिने याच "काय नाय" वर निघतात. गवत कापायचं, पेंढ्या बांधायच्या, गोठ्यामागं गंजी रचायची. मी पुण्यात आयटीवाला, तरी कापणीला एक शनिवार-रविवार जातोच. विळा कमी चालतो, मोजे कुसळांनी जास्त भरतात.

२०२३ ला गेलो तेव्हा कापायलाच काही नव्हतं. एरवी कमरेला लागणारं गवत गुडघ्याच्याही खाली, आणि त्या उंचीवरच तुरे काढून मोकळं झालेलं, जणू घाईत बी टाकून निघायचं होतं. आबा म्हणाले, "आश्लेषा गेली, मघा गेली, आता वरनं किती बी पाणी वत, काय उपेग?" (मघांची म्हण सगळ्यांना पाठ आहे, इथं लिहीत नाही, आई वाचते.)

घरी येऊन आकडे बघितले. देशात जुलैमध्ये सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आणि सप्टेंबरला परत १३ टक्के जास्त. सगळं मिळून ९४ टक्के! म्हणजे टीव्हीवर ऐकलं तर वाटतं, बरं झालं की यंदा. आमच्याकडं तूट त्याहून मोठी होती, ऑक्टोबरअखेर दुष्काळ जाहीर झालेल्या ४० तालुक्यांत पुरंदर, बारामती, इंदापूर होतेच, पण मला खटकलं ते हे की गवताचं नुकसान एकूण आकड्यात दिसतच नाही, ते दिसतं मधल्या उघडिपीत.

आणि हे कुणीतरी मुद्दाम करून बघितलंय. अमेरिकेत कॅन्सस राज्यात कोन्झा नावाचा मोठा गवताळ प्रदेश आहे, तिथं १९९० च्या दशकाअखेर संशोधकांनी गवतावर छपरं घातली, पडणारा पाऊस टाक्यांत साठवला आणि तोच सगळा परत गवताला दिला, एक थेंब कमी नाही, फक्त दोन पाण्यांमधली उघडीप दीडपट केली आणि प्रत्येक पाणी मोठं दिलं. जमिनीवरची वाढ साधारण १० टक्क्यांनी घटली. पाणी तेवढंच हां! वरचा थर मधेमधे जास्त दिवस कोरडा राहिला, आणि गवताची बरीच मुळं त्याच थरात.

गंमत म्हणजे कोलोरॅडोच्या कोरड्या, आखूड गवताच्या माळावर असंच केलं तर उलटं झालं, वाढ वाढली. तिथं एरवीच्या बारक्या सरी वरच्यावर वाळून जातात, मोठं पाणी मात्र खोल मुरतं आणि टिकतं. हे वाचून मी क्षणभर खूश झालो, आपणही कोरडेच की! मग आबांचा माळ आठवला. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. मुरणार कुठं? तासाभरात धो धो पडलं की गढूळ होऊन ओढ्याला, आणि चार दिवसांत वाफसा गायब. म्हणजे आपल्याला कॅन्ससचा तोटा पूर्ण आणि कोलोरॅडोचा फायदा नाही असं माझं मत झालंय. ओढ्याकाठी जिथं माती साचलीय तिथं मारवेल त्या वर्षीही बऱ्यापैकी हिरवा होता, वीस पावलं वर मात्र नुसती कुसळी.

कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडं जोमात वाढतात, हेही लोक फॉरवर्ड करत असतात. आपली माळावरची बहुतेक गवतं ज्वारी-उसाच्या गटातली, सी-४ म्हणतात त्यातली, त्यांच्या पानांत हा वायू आधीच एकवटायची सोय असते, त्यामुळं थेट फायदा फारसा नाही, पाणी थोडं वाचतं इतकंच, असं धरलं जायचं. पण अमेरिकेतच मिनेसोटात सीडर क्रीकला गवताला जादा कार्बन डायऑक्साइड देऊन २० वर्षं प्रयोग चालवला तर पहिली १२ वर्षं अंदाजाप्रमाणं ही सोय नसलेल्या दुसऱ्या गटाची, सी-३ ची वाढ जास्त झाली आणि मग पारडं फिरलं, सी-४ पुढं गेली. तीन वर्षांत आटपलेल्या प्रोजेक्टवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न मला तेव्हापासून पडलाय.

परवा मोज्यातलं एक कुसळ काढून ऑफिसच्या टेबलावर ओल्या टिशूवर ठेवलं. शेपटी ओली झाली की पीळ सुटतो आणि अख्खं कुसळ गोल फिरायला लागतं, असंच फिरत फिरत बी मातीत घुसतं. शेजारचा मित्र मीटिंग सोडून बघत बसला. मग टिशू वाळला, पीळ परत बसला, थांबलं.

आबांना एक जुनी डायरी दिलीय. पाऊस किती पडला ते नको, फक्त उघडीप लिहा म्हटलं. ते म्हणाले, "तेवढं तर तोंडपाठ असतंय." तरी लिहितात. मागच्या वेळी बघितलं, एका पानावर फक्त एवढंच: "१७ दिस. शेरडं शेवरीवर."