जहन्नमला पायी: जेरुसलेमच्या हिन्नोम खोऱ्यात

रागाच्या भरात आपण मराठीत एखाद्याला सहज जहन्नममध्ये पाठवतो. त्या जागेचा पत्ता जेरुसलेममध्ये आहे. हिब्रूत 'गे हिन्नोम' म्हणजे हिन्नोमचं खोरं. त्याचं ग्रीकमध्ये 'गेहेन्ना' झालं, अरबीत 'जहन्नम', आणि तिथून ते आपल्यापर्यंत आलं.

याफा दरवाजातून बाहेर पडून डावीकडे तटाच्या कडेने उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत सुलतानचा तलाव लागतो. तो आता कोरडा आहे. त्याच्या पुढे खोरं सुरू होतं. मी मार्चअखेरीला गेलो तेव्हा गुडघाभर हिरवं गवत होतं, ऑलिव्हची झाडं होती आणि चार पोरं फुटबॉल खेळत होती. लहानपणापासून प्रवचनांत ऐकलेली आग डोळ्यांसमोर होती, त्यामुळे मी बराच वेळ नुसता उभा राहिलो.

इथे पोरंच जाळली गेली. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या राजांनी आपल्या मुलांचा इथे अग्नीत होम केला असं बायबल सांगतं. त्या जागेला तोफेत म्हणत. पुढे योशीया राजाने, पुन्हा तिथे असे होम होऊ नयेत म्हणून, ती भ्रष्ट करून टाकली. यिर्मया संदेष्टा म्हणाला की याला आता 'कत्तलीचं खोरं' म्हणतील. पापी लोकांच्या शिक्षेची जागा म्हणून हेच नाव पुढे पक्कं झालं ते या आठवणीमुळे, असं मला वाटतं. गाईड सर्रास सांगतात की इथे शहराचा कचरा सतत जळत असे. त्यावर विसंबू नका. ती माहिती साधारण इ.स. 1200 च्या सुमाराच्या एका भाष्यकाराची आहे, उत्खननात तसा पुरावा मिळालेला नाही.

बायबलच्या जुन्या हिब्रू ग्रंथांत नरक नाहीच. आहे तो शेओल, मराठी बायबलमधला 'अधोलोक': राजा असो की गुलाम, मेलेले सगळे तिथेच जातात.

पश्चिम उतारावर, स्कॉटिश चर्चच्या मागे, केतेफ हिन्नोमची थडगी आहेत. ती चुकवू नका. खडकात कोरलेले ओटे आणि मृताचं डोकं ठेवायला केलेले खोलगट खड्डे तिथे अजून दिसतात. 1979 मध्ये गाब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात इथे चांदीच्या दोन इवल्याशा गुंडाळ्या सापडल्या. त्यांवर 'परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो' हा आशीर्वाद कोरलेला आहे, साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीचा. नरकाला नाव देणाऱ्या खोऱ्यात हे सापडावं, याने मी हललो.

गुंडाळ्या इस्राएल म्युझियममध्ये आहेत. खोरं पाहूनच तिथे जा, उलट क्रमाने नको. सैतानाचा माग तिथेच लागतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात 'हा-सातान' हे नाव नाही, हुद्दा आहे: देवाच्या दरबारातला आरोप ठेवणारा. बलाम या संदेष्ट्याची वाट अडवणारा देवदूतसुद्धा त्याच शब्दाने ओळखला जातो. शमुवेलाच्या पुस्तकात देव दावीद राजाला शिरगणतीला प्रवृत्त करतो. नंतर लिहिलेल्या इतिहासाच्या पुस्तकात तेच काम सैतान करतो. मधल्या काळात इराणी राजवट येऊन गेली होती. तिच्या धर्मातल्या चांगल्या-वाईट शक्तींच्या लढाईचा प्रभाव किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या, याच म्युझियममधल्या जुन्या गुंडाळ्यांमध्ये मात्र प्रकाशाची आणि अंधाराची सैन्यं समोरासमोर उभी आहेत, आणि अंधाराच्या बाजूचा म्होरक्या बलियाल. येशूच्या तोंडी गेहेन्ना येतो तो याच काळात.

माझा मुक्काम लोदला, अलिबागकडून आलेल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मावशींकडे होता. त्यांचे यजमान वारल्यावर त्यांच्या मुलाने अकरा महिने कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हटली. मी विचारलं, अकराच का? "गेहिन्नोममध्ये पाप्याला बारा महिने," त्या म्हणाल्या. "बारा म्हटले तर बाप पापी होता असं आपणच कबूल केल्यासारखं नाही का, बाळा?" त्यांच्याकडे नरकालाही मुदत आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मला हे नवं होतं.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी आठच्या आत उतरा. मी दुपारी एक बाटली पाणी घेऊन हकलदमाच्या, म्हणजे 'रक्ताच्या शेताच्या', बाजूचा चढ चढलो आणि अर्ध्यात बसावं लागलं. दोन बाटल्या आणि पकड असलेले बूट हवेतच. तिथल्या ग्रीक मठात जायचं तर खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि दार उघडं असेलच असं धरून चालू नका. चढ जमत नसेल तर 2023 मध्ये झालेल्या झुलत्या पुलावरून खोरं वरून पाहता येतं, तिकीट नाही. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत रेल्वे आणि बहुतेक बस बंद असतात, तेव्हा परतीचं आधी ठरवा. आणि निघण्यापूर्वी तिथली परिस्थिती आणि भारत सरकारच्या सूचना पाहून घ्या.