क्वेक ३ मध्ये क्वाड टायमिंगने घ्यायला शिकलो, माझा अनुभव

हल्ली जवळपास प्रत्येक गेममध्ये थोड्या वेळापुरता अटॅक वाढवणारं काहीतरी असतंच, कुठे औषधाची बाटली, कुठे मंत्र, पण मला विचाराल तर या सगळ्यांचा बाप म्हणजे क्वेक या बंदुकांच्या मारामारीच्या गेममधला क्वाड डॅमेज, मॅपवर ठरलेल्या जागी येणारी, उचलून घ्यायची एक वस्तू. १९९६ च्या पहिल्या क्वेकमध्ये तो घेतला की तुमचा मार चौपट व्हायचा. १९९९ च्या डिसेंबरात क्वेक ३ अरेना आला, त्यात नाव तेच ठेवलं पण मार तिप्पट केला. वेळ ३० सेकंद. अंगावर निळा उजेड चढतो, गोळीबरोबर एक वेगळाच घुमणारा आवाज येतो, आणि समोरच्याला कळतं की आता पळायचं.

आम्ही हे खेळायचो सात रस्त्याजवळच्या एका नेट कॅफेत, २००५-०६ च्या आसपास. जुने डबा मॉनिटर, लॅन, आणि सोलापूरचा उन्हाळा. पारा ४२ च्या वर गेला की पंखा नुसती गरम हवा फिरवायचा, तरी दुपारी एक सीट रिकामी नसायची. तिथे एक सिनियर यायचा, सगळे त्याला दादा म्हणायचे, आणि क्वाड कायम दादाकडेच. आपण धावत जावं तर हा आधीच घेऊन निळा होऊन आपल्याच अंगावर येतोय. माझा मित्र वैतागून म्हणायचा, "ह्याला आधीच दिसतंय का बे?"

दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. हे माझ्या लक्षात आलं ते हेडफोन लावून खेळायला लागल्यावर. क्वाड कुणीही उचलला की त्याचा आवाज मॅपवर सगळ्यांना येतो, तुम्ही कितीही लांब असा. आणि उचलल्यापासून बरोबर १२० सेकंदांनी तो परत त्याच जागी येतो, तेव्हाही सगळ्यांना आवाज येतो. मॅच सुरू झाल्यावर पहिला क्वाड ३० ते ६० सेकंदांत कधीही येतो, त्याचा अंदाज लागत नाही, पण एकदा कुणी उचलला की पुढचं सगळं हिशोबात बसतं. दादा मनात मोजत होता एवढंच.

मला मारामारी करता करता १२० पर्यंत मोजणं जमेना. मग कुणाकडून तरी कळलं की कन्सोल (गेममध्येच कमांड टाइप करायची खिडकी) उघडून सीजी_ड्रॉटायमर १ टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात मॅचचं घड्याळ दिसतं. हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो अजून आठवतो, कारण १२० सेकंद म्हणजे पुरती दोन मिनिटं, म्हणजे सेकंदाचा आकडा बदलतच नाही! ३:१२ ला उचलला तर ५:१२ ला येणार, मग ७:१२. डोक्यात फक्त '१२' धरून ठेवायचं, बाकी खुशाल भांडा.

पण वेळ कळली म्हणजे झालं असं नाही. नुसतं पोचून उपयोग नसतो, त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात आर्मर आणि गोळ्या गोळा करून, हेल्थ भरून, मग तिथे जायचं. रिकाम्या हाताने क्वाड घेतला तर ३० मधले निम्मे सेकंद बंदूक शोधण्यात जातात. आणि बंदूक कुठली हाही मोठा विषय आहे. रेलगनचा एक फटका १०० चा, क्वाडने ३०० होतो, ऐकायला भारी वाटतं, पण दोन शॉटमध्ये दीड सेकंद जातो, त्यामुळे अख्ख्या क्वाडमध्ये फार तर २० शॉट मिळतात आणि त्यातले निम्मे हुकतात. रॉकेट तर अरुंद बोळात स्वतःचाच जीव घेतं, कारण स्वतःला लागणारा मार गेम अर्धा करतो खरा, पण आधी तिप्पट झालेला असतो, म्हणजे पायाजवळ फुटलं तर १५० च्या आसपास. सगळ्यात भारी लायटनिंग गन, सेकंदाला १६० चा मार थेट ४८० वर जातो. आणि ती नसेल तर साधी मशीनगन घ्या, जिला एरवी कुणी विचारत नाही. मेल्यावर परत नव्याने जन्मलेल्या खेळाडूची हेल्थ १२५ असते, मशीनगनची गोळी ७ ची. एरवी १८ गोळ्या लागतात. क्वाडमध्ये गोळी २१ ची होते, सहा गोळ्यांत काम तमाम, तेही अर्ध्या सेकंदात.

कधी गर्दी नसली की मी आणि मित्र दोघंच याची प्रॅक्टिस करायचो. तो अशोक चौकाकडचा, घरात माग, घरी तेलुगू. मी क्वाड घेतला की तो शेजारून तेलुगूत उलटे आकडे म्हणायचा, शेवटचे दहा तर ओरडूनच, आणि त्या आकड्यांवर मी आत घुसायचं की मागे फिरायचं ते ठरवायचो. हे फार महत्त्वाचं, कारण क्वाड अंगावर असताना मेलात तर तो तिथेच खाली पडतो, उरलेल्या सेकंदांसकट, आणि पडून असतो तोवर ते सेकंद कमीही होत नाहीत. ज्याने मारलं त्याला आयता मिळतो. तेव्हा २० सेकंद शिल्लक असताना फाजील धाडस करायचं नाही, ते शेवटच्या तीन-चार सेकंदात करायचं.

दिवाळीच्या सुट्टीत कॅफेवाल्या अण्णांनी टूर्नामेंट ठेवली आणि फायनलला मी आणि दादा. फ्री फॉर ऑलच मोड, म्हणजे ज्याचा तो, फक्त दोघं. दादा पुढे होता. ७:२० ला त्याने क्वाड घेतला, मी लांब राहिलो, तो शोधत वर आला आणि वळणावर आधीच जखमी असल्यामुळे माझ्या रेलगनच्या एका शॉटमध्ये गेला. क्वाड खाली पडला, १२ सेकंद बाकी, ७:४१ ला मी उचलला. आता इथे खरी गंमत आहे. पडलेला क्वाड उचलला तरी तोच आवाज सगळ्यांना येतो, पण मूळ जागेवरचा क्वाड त्याच्याच वेळेला येतो, म्हणजे ९:२० ला. दादाने मात्र शेवटचा आवाज धरून मोजलं. ९:१० ला मी फुल आर्मर, लायटनिंग गन घेऊन तिथे उभा, आजूबाजूला कुणी नाही. ९:२० ला आला, घेतला. आवाज त्यालाही गेला असणार, पण तो तेव्हा मॅपच्या दुसऱ्या टोकाला गोळ्या गोळा करत होता. मी थेट तिकडेच गेलो आणि त्या ३० सेकंदांत तो जिथे जन्मेल तिथे त्याला गाठलं, मित्र मागे उभा राहून तेलुगूत ओरडतोय, अण्णा काउंटर सोडून आलेले. तिथेच लीड फिरली आणि २० फ्रॅग (समोरच्याला मारल्याचे पॉइंट) माझे आधी झाले.

मॅच संपल्यावर दादा माझ्या खुर्चीशी आला आणि पहिला प्रश्न, "९:२० ला कसा काय होतास रे तिथे?" मी त्याला सगळं सांगितलं, पडलेल्या क्वाडचंही. पार्क चौपाटीवर पावभाजी खाताना त्याने ते माझ्याकडून परत दोनदा विचारून घेतलं, आणि पुढच्या रविवारी त्याच्याही स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ होतं.